फळ्यांच्या वाटेने : कॉर्स कॅरन दलदलीतील सुलभ फेऱ्यांची प्रस्तावना

चालण्याचे जे प्रकार महाराष्ट्रात प्रतिष्ठेस पात्र ठरले, त्यांत कष्ट आणि गंतव्य या दोहोंचा वाटा फार मोठा आहे. आषाढीच्या वारीला पंढरपूर आहे, नर्मदेच्या परिक्रमेला ओंकारेश्वर आणि अमरकंटक आहेत, आणि सह्याद्रीतील भटकंतीला कोणता ना कोणता गड, त्याचा चढ, त्याचा बुरूज आणि त्या बुरुजावरून दिसणारा मुलूख आहे. किंबहुना धाप लागल्यावाचून आणि अंगरखा घामाने भिजल्यावाचून निसर्गाची भेट झाली, असे मानण्यास आपले मन सहसा राजी होत नाही. ज्या फेऱ्यांचा परिचय करून देण्यासाठी ही पुस्तिका सिद्ध झाली आहे, त्यांना चढ नाही, शिखर नाही, वाटेत देऊळ नाही की कडा नाही. त्यांतील पहिल्या फेरीत एका सपाट दलदलीतून, लाकडी फळ्यांवरून, दीडएक मैल जाऊन मनुष्य निघाला तेथेच परत येतो. तरीही भूमी म्हणजे काय, ती कशी घडते, किती सावकाश घडते आणि किती त्वरेने नष्ट होते, हे ज्याला एका सकाळच्या अवधीत समजून घ्यावयाचे आहे, त्याला याहून योग्य फेरी क्वचितच सापडेल, असे माझे पूर्ण विचारान्ती झालेले मत आहे. ही फेरी सुलभ आहे म्हणून गौण नाही. ती सुलभ आहे म्हणूनच डोळ्यांना आपले काम नीट करता येते. या मताचे समर्थन करावे, एवढ्याचसाठी ही प्रस्तावना.

वेल्स देशाच्या पश्चिम भागात, केरेदिगियन परगण्यात, ट्रेगॅरन नावाचे लहानसे बाजाराचे गाव आहे. डोंगराळ मुलखातील गुरे पायी हाकत थेट इंग्लंडातील बाजारांपर्यंत नेणारे व्यापारी एके काळी येथे जमत आणि येथूनच पूर्वेकडील डोंगर ओलांडीत. गावच्या चौकात हेन्री रिचर्ड यांचा पुतळा आहे. १८१२ साली याच गावी जन्मलेल्या या गृहस्थांनी राष्ट्राराष्ट्रांतील तंटे लवादाने मिटावेत या एका कार्यासाठी आपले आयुष्य वेचले आणि पार्लमेंटातही तोच आग्रह धरला. गावाच्या उत्तरेस टायवी नदीचे खोरे एकाएकी रुंद आणि सपाट होते, आणि त्या सपाटीवर कॉर्स कॅरन ही दलदल पसरलेली आहे. एक दलदल असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः त्या तीन स्वतंत्र घुमटाकार दलदली असून नदी त्यांच्यामधून वळणे घेत वाहते. १९५५ साली या प्रदेशास राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि पुढे पाणथळ प्रदेशांच्या रक्षणासाठी १९७१ साली रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही त्याची नोंद झाली.

या दलदलीचा जन्म हिमयुगाच्या अखेरीस झाला. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी खोऱ्यातील हिमनदी वितळून मागे सरली, तेव्हा तिने आपल्या तोंडाशी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा आणि मातीचा एक नैसर्गिक बांध खोऱ्यात आडवा राहिला आणि त्याच्यामागे पाणी तुंबून उथळ सरोवर तयार झाले. या सरोवराच्या तळाशी प्रथम गाळ साचला. काठाने बोरू आणि लव्हाळे आत शिरले. ते मरून पाण्यात पडले आणि पुरते कुजले नाहीत, कारण साचलेल्या थंड पाण्यात कुजण्यास लागणारा प्राणवायू पुरेसा नव्हता. त्या अर्धवट कुजलेल्या काळसर थरावर, ज्यास पीट म्हणतात, पुढे झुडपे आणि ओलाव्यात वाढणारी झाडे आली. आणि सरतेशेवटी, सरोवर भरून गेल्यावर, स्फॅग्नम नावाच्या शेवाळाने सर्व भूमीचा ताबा घेतला. येथवरची हकीकत जगातील पुष्कळ सरोवरांची आहे. कॉर्स कॅरनचे वैशिष्ट्य येथून पुढे सुरू होते, कारण स्फॅग्नम हे सरोवर भरल्यावर थांबत नाही. ते वर्षास सरासरी एक मिलिमीटर या मानाने पीटचा थर चढवीत राहते, मध्यभागी अधिक आणि कडेला कमी, आणि अशा रीतीने हजारो वर्षांनी दलदलीचा पृष्ठभाग तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखा मधोमध उंच होतो. तो आजूबाजूच्या शेतांपेक्षा आणि नदीच्या पात्रापेक्षाही उंच गेला, की नदीचे पाणी त्यास पोहोचत नाही, झऱ्याचे पोहोचत नाही, भूगर्भातील क्षार पोहोचत नाहीत. त्यापुढे त्या भूमीचे सर्व पोषण केवळ आकाशातून पडणाऱ्या पावसावर चालते.

फळ्यांच्या वाटेवर उभे राहून पाहिले असता हा घुमट प्रथम दिसत नाही. त्याचा उतार इतका सौम्य आहे की डोळा त्यास सपाटीच समजतो. परंतु थोडे थांबून क्षितिजाकडे पाहिले, आणि पलीकडच्या काठावरील झाडांचे बुंधे दिसत नसून केवळ शेंडे दिसत आहेत हे ध्यानात आले, म्हणजे आपल्या आणि त्या झाडांच्या मध्ये काहीतरी उंच आहे हा बोध होतो. आणि ते जे उंच आहे, त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग निव्वळ पाणी आहे, हे समजले म्हणजे मनुष्य खरोखर विस्मित होतो. पाण्याची टेकडी उभी राहू शकते, हे येथे येण्यापूर्वी कोणी सांगितले असते, तर आपण विश्वास ठेवला नसता.

ही किमया ज्याची, त्या स्फॅग्नमविषयी चार शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. त्यास मूळ नाही, फूल नाही, लाकूड नाही. त्याच्या पानांत जिवंत हिरव्या पेशींच्या मधून मधून मोठ्या, मृत, पोकळ पेशी असतात आणि त्यांना सूक्ष्म छिद्रे असतात. त्या पोकळ्यांत पाणी भरून राहते, इतके की वाळलेल्या शेवाळाच्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी ते धरून ठेवते. पावसातून येणारे अत्यल्प क्षार ते शोषून घेते आणि त्यांच्या बदल्यात पाण्यात आम्लता सोडते. त्या आम्लतेमुळे इतर वनस्पतींचे तेथे चालत नाही आणि कुजविणारे सूक्ष्म जीवही मंदावतात. टोकाशी वाढावे आणि बुडाशी मरावे, असा त्याचा क्रम आहे. जिवंत भाग काही बोटांचा, आणि त्याखाली सहस्रावधी वर्षांच्या पूर्वजांचा मृत, ओला, न कुजलेला संचय. आपल्यास अनुकूल अशी परिस्थिती स्वतःच निर्माण करून तीत हजारो वर्षे टिकून राहणारी वनस्पती म्हणून तिचा विचार करावयास हवा. पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा पडला असता ब्रिटनमध्ये हेच शेवाळ डोंगरमाळांवरून गोळा करून, वाळवून, जखमी सैनिकांच्या मलमपट्टीसाठी वापरले गेले. त्याची शोषणशक्ती आणि त्याची आम्लता हे दोन्ही गुण त्या कामी उपयोगी पडले. फळ्यांवरून वाकून पाहणाऱ्यास त्याचे रंगही दिसतील: डबक्यात तरंगणारे फिकट हिरवे, त्याच्या काठचे सोनेरी, आणि उंचवट्यांवरचे मद्यासारखे गडद तांबडे. प्रत्येक रंग बहुधा वेगळ्या जातीचा, आणि प्रत्येक जात पाण्याच्या पातळीशी बांधलेली. चार बोटांच्या चढउताराने जात बदलते.

येथे महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ट्रेगॅरनच्या वाट्याला त्याचा लहानसा अंशच येतो. मग अशी दलदल आमच्या घाटमाथ्यावर का नाही? याचे उत्तर पावसाच्या परिमाणात नसून त्याच्या वाटणीत आहे. आमचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने ऊन त्या ओलाव्याचा निकाल लावते. जे मेले ते कुजते, जे कुजते ते मातीत मिसळते किंवा वाहून जाते. वेल्समधील पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो, ऊन सौम्य असते, बाष्पीभवन कमी; म्हणून जमीन कधी सुकत नाही आणि मेलेले कधी पुरते कुजत नाही. तथापि दोन्ही प्रदेशांत एक आप्तसंबंध आहे, आणि तो ज्याने साताऱ्याजवळचे कास पठार श्रावण-भाद्रपदात पाहिले आहे त्यास फळ्यांच्या कडेलाच भेटेल. कासच्या जांभ्यावरील पातळ, पाणी साचलेल्या, निःसत्त्व मातीत कीटक धरून खाणारी दवबिंदू ही वनस्पती उगवते. कॉर्स कॅरनच्या शेवाळात तिचीच बहीण, गोल पानांची, तांबड्या लवेच्या टोकाटोकावर चिकट थेंब धारण करणारी, शेकड्यांनी पसरलेली असते. डार्विनने १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा फार मोठा भाग या एका गोल पानाच्या दवबिंदूवर खर्ची पडला आहे. दोन देश, दोन हवामाने, एकीकडे ज्वालामुखीच्या खडकावरचा जांभा आणि दुसरीकडे हिमनदीच्या बांधामागचे पीट. पण मातीत नत्राचे दुर्भिक्ष दोन्हीकडे सारखे, म्हणून उपायही सारखा. कासला गुडघे टेकून फुले पाहणाऱ्या माणसाला या दलदलीत परके वाटण्याचे कारण नाही.

परंतु अशा भूमीकडे सरकारदरबारी कोणत्या दृष्टीने पाहिले गेले? महसुलाच्या दप्तराला भूमीची एकच परीक्षा ठाऊक असते: ती काय पिकविते आणि सारा किती देते. या परीक्षेत दलदल सर्वत्र नापास झाली. आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यावर जी जमीन लागवडीस अयोग्य म्हणून पोटखराब्यात दाखविली जाते, तिच्या वर्गातच युरोपातील दलदलींची गणना शतकानुशतके होत आली, आणि चर खणून तिचे पाणी काढून घेणे हे प्रगतीचे काम समजले गेले. भोवतालच्या रयतेची दृष्टी मात्र अधिक व्यवहारी आणि, मला वाटते, अधिक न्याय्यही होती. ज्या मुलखात लाकूडफाटा कमी, तेथे वाळलेले पीट हेच सरपण. ते कापण्याचा हक्क वहिवाटीने चालत आलेला असे. गायरानावरील चराईच्या किंवा रानातील लाकूडफाट्याच्या हक्कासारखाच तो गावकऱ्यांच्या जगण्याचा आधार होता. उन्हाळ्याच्या तोंडी लांब पात्याच्या कुदळीने विटांसारखे तुकडे कापावेत, ते वाऱ्याला उभे रचावेत, वाळले म्हणजे गाडीत घालून घरी न्यावेत, असा हा वार्षिक उद्योग कॉर्स कॅरनच्या कडेकडेने विसाव्या शतकापर्यंत चालू होता. त्याच्या खुणा आजही दिसतात: घुमटाच्या कडा जेथे उभ्या कापल्यासारख्या तुटलेल्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी आयताकृती खळगे पाण्याने भरलेले आहेत, तेथल्या पीटवर कोणा एका घराची चूल कित्येक हिवाळे पेटत होती. हाताने कापणाऱ्या या माणसांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. यंत्रांनी आणि सरळ रेषेत खणलेल्या खोल चरांनी अन्य ठिकाणी जो विध्वंस केला त्याच्याशी यांची तुलना होणार नाही.

दलदलीच्या कडेने जाणारा दुसरा एक मानवी लेख म्हणजे लोहमार्ग. मँचेस्टरचा कारखानदारी मुलूख वेल्सच्या नैर्ऋत्य टोकावरील मिलफर्डच्या बंदराशी जोडावा, या महत्त्वाकांक्षेने ‘मँचेस्टर अँड मिलफर्ड रेल्वे’ ही कंपनी निघाली. ती ना मँचेस्टरला पोहोचली ना मिलफर्डला. पण मधला एक तुकडा तिने बांधला आणि १८६७ साली तो ॲबरिस्टविथपर्यंत पुरा झाला. ट्रेगॅरनच्या बाजूचे काम लँडिनॅमच्या डेव्हिड डेव्हिस या कंत्राटदाराकडे होते, ज्याने पुढे दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणी आणि बॅरीचे बंदर उभारून मोठे नाव मिळविले. दलदलीच्या मऊ भूमीवर भराव टिकेना, तेव्हा लोकरीचे गठ्ठे आणि फांद्यांच्या मोळ्या खाली घालून त्याने रूळ टाकले, असे त्या भागात सांगतात. सुमारे शंभर वर्षे गाड्या चालल्या, आणि १९६५ च्या फेब्रुवारीत प्रवासी वाहतूक बंद पडली. रूळ उचलले गेले, भराव राहिला, आणि आज त्याच भरावावरून पायी जाणारे आणि सायकलस्वार निर्धास्त जातात.

आता ज्या विषयावर मला अधिक रेंगाळावयाचे आहे, तो म्हणजे या भूमीच्या पोटातील लेखागार. आम्ल पाण्यात जे जे पडते ते टिकते, आणि टिकणाऱ्या वस्तूंत सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे फुलांचे परागकण. त्यांचे कवच इतके चिवट असते की हजारो वर्षांनीही सूक्ष्मदर्शकाखाली अमुक कण बर्चचा, अमुक ओकचा, अमुक गवताचा, अमुक धान्याचा, अशी ओळख पटते. दरवर्षी वाऱ्याने आणलेले परागकण त्या त्या वर्षीच्या थरात गाडले जातात, आणि थर तर वर्षाला मिलिमीटराने चढत असतो; तेव्हा वरून खाली नळी घालून जो उभा नमुना काढावा, त्यात भोवतालच्या रानाचा इतिहास क्रमवार लावून ठेवलेला सापडतो. घुमटाकार दलदलीच्या रचनेचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ वेबर याने १९०२ साली प्रसिद्ध केला. परागकणांची गणती करून वनांचा इतिहास मांडण्याची पद्धती स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट याने १९१६ साली विद्वानांपुढे ठेवली. आणि ब्रिटनमध्ये ती रुजविण्याचे श्रेय ज्या हॅरी गॉडविन यांचे, त्यांनी मिचेल या सहकाऱ्यासह ट्रेगॅरनच्या दलदलींचे थर तपासून १९३८ साली जो निबंध लिहिला, त्याने कॉर्स कॅरनचे नाव या विद्येच्या इतिहासात कायमचे दाखल केले.

या थरांत एल्म वृक्षाचे पराग पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एकाएकी घटलेले आढळतात, आणि ही घट वायव्य युरोपात सर्वत्र दिसते; रोगामुळे म्हणा, पहिल्या शेतकऱ्यांच्या कुऱ्हाडीमुळे म्हणा, की दोन्हींमुळे, याचा वाद विद्वानांत दीर्घकाळ चालत आला आहे. त्याच्या वरच्या थरांत मनुष्याची चाहूल अधिकाधिक स्पष्ट होते. जूडिथ टर्नर या विदुषीने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ट्रेगॅरनच्या पीटमधील परागांना किरणोत्सारी कार्बनाच्या कालमापनाची जोड दिली. कांस्ययुगातील माणसांनी रानात लहान लहान मोकळ्या जागा केल्या आणि काही वर्षांनी सोडून दिल्या, त्या जागी पुन्हा झाडे आली, हे तिला दिसले. पुढे मोठ्या प्रमाणावर रान मोडले गेल्याचेही दिसले. आणि बाराव्या शतकाच्या सुमारास शेतीचे आणि कुरणाचे पराग पुन्हा वाढलेले दिसले. हा बाराव्या शतकाचा आकडा महत्त्वाचा का, तर दलदलीच्या ईशान्येस काही मैलांवर स्ट्राटा फ्लोरिडा हा सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ ११६४ साली स्थापन झाला. शेती आणि मेंढपाळी हा या पंथाच्या जीवनक्रमाचाच भाग. देवडीबाहेर दूरवर पसरलेल्या इनाम जमिनी कसण्यात त्यांनी मोठे कसब मिळविले होते. मठाच्या सनदा एक गोष्ट सांगतात आणि दलदलीतील पराग तीच गोष्ट सांगतात; एक लेख माणसाने चर्मपत्रावर लिहिलेला, दुसरा वाऱ्याने, कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता, चिखलात लिहिलेला. इतिहासाच्या अभ्यासकास यापेक्षा मोठे सुख कोणते असावे, हे मला सांगता येणार नाही. वतने आणि सनदा, बखरी आणि कैफियती यांच्या चर्चेत आपले संशोधक आयुष्य घालवितात. ज्या भूमीविषयी त्या कागदांत वाद आहे, तिचाही जबाब घेता येतो, हा विचार आपल्याकडे अद्याप पुरेसा रुजलेला नाही.

याच मठात ११८८ साली आर्चबिशप बाल्डविन यांच्याबरोबर वेल्सची यात्रा करणारा जेराल्ड हा धर्मोपदेशक मुक्कामास होता. टायवी नदीत त्या काळी बीव्हर हे पाण्यात बांध घालणारे प्राणी होते, आणि त्यांच्या घरबांधणीचे वर्णन त्याने मोठ्या आस्थेने लिहून ठेवले. पुढे ते वेल्समधून नाहीसे झाले. १५३९ साली मठही बरखास्त झाला. त्याची पश्चिमेकडील कमान आणि काही भिंती आज उभ्या आहेत. १८५४ साली जॉर्ज बॉरो हा इंग्रज लेखक पायी वेल्स पाहण्यास निघाला, तेव्हा तो मठाचे अवशेष पाहून ट्रेगॅरनच्या मार्गाने गेला. त्या प्रवासाचे त्याचे पुस्तक १८६२ मध्ये निघाले. या पुस्तिकेच्या वाचकास सवड असेल तर त्याने दलदल आणि मठ ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहावीत, असे मी आवर्जून सुचवीन.

पीट टिकते ते पाणी टिकते तोवर. चर खणून पाणी उतरविले की वरचा थर हवेच्या संपर्कात येतो, हजारो वर्षे थांबलेली कुजण्याची क्रिया सुरू होते, भूमी खचते, आणि त्या वनस्पतींनी हवेतून घेऊन साठविलेला कार्बन वायुरूपाने परत हवेत जातो. पृथ्वीच्या भूपृष्ठापैकी पीटच्या भूमीने व्यापलेला भाग जेमतेम तीन टक्के; पण जगातील सर्व अरण्यांच्या वृक्षवेलींत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक या तीन टक्क्यांत साठलेला आहे. म्हणून या पोटखराब्याची किंमत आता सरकारांच्या ध्यानात आली, ही आनंदाची गोष्ट. ती फार उशिरा आली, ही खेदाची. २०१७ पासून वेल्समधील सात घुमटाकार दलदलींच्या पुनरुज्जीवनाचे जे काम हाती घेण्यात आले, त्यात कॉर्स कॅरनही आहे. या कामाची पद्धत साधी आहे: जुने चर बुजवावेत, पीटचेच बुटके बांध समपातळी रेषांवर घालावेत, पावसाचे पाणी पृष्ठभागाशी थांबवावे, आणि मग स्फॅग्नमला त्याचे काम करू द्यावे. बांधबंदिस्तीचे हे तंत्र आपल्या दुष्काळी तालुक्यांत काम केलेल्या कोणाही माणसास तत्काळ समजेल. बागकाम करणाऱ्यांनी कुंड्यांसाठी पीट वापरू नये, असा आग्रहही ब्रिटनमध्ये वाढला आहे, आणि त्याच्याऐवजी जे वापरले जाते त्यात नारळाच्या काथ्याच्या भुशाचा मोठा वाटा आहे; तो भुसा श्रीलंकेतून आणि आपल्या दक्षिण किनाऱ्यावरून जातो. सोडणाच्या ज्या भुशाचा ढीग एके काळी निरुपयोगी म्हणून पडून असे, तो आज दूर देशीच्या दलदलीचे रक्षण करण्यास थोडासा तरी कारण होत आहे.

आता सुलभतेच्या मूळ मुद्द्याकडे वळतो. या दलदलीत फळी सोडून पाऊल टाकणे धोक्याचे आहे, हे खरे. परंतु फळीचे खरे प्रयोजन माणसाचे रक्षण करणे एवढेच नाही. शेवाळावर पडलेले एक पाऊल त्याच्या पोकळ पेशींतील पाणी पिळून काढते, आणि तो ठसा पुढे दीर्घकाळ राहतो. शंभर माणसे एका रेषेत चालली तर तेथे चर पडतो, आणि चर म्हणजे पाण्याला वाट. ज्या साहसाने डोंगराचे काही बिघडत नाही, त्याच साहसाने येथे सर्वनाश होतो. म्हणून येथे सर्वांनी एकाच वाटेने, सपाट, सावकाश, कठड्यांच्या मर्यादेत चालावयाचे. आणि या मर्यादेचा लाभ असा, की चाकाच्या खुर्चीत बसलेला मनुष्य, काठी टेकणारी आजी आणि नुकता चालू लागलेला नातू ही सर्व जण त्याच ठिकाणी पोहोचतात जेथे निष्णात वनस्पतिशास्त्रज्ञ पोहोचतो. कोणाला अधिक पुढे जाता येत नाही, कोणाला मागे राहावे लागत नाही. निसर्गदर्शनात ही समता मला अन्यत्र फारशी आढळलेली नाही. वृद्ध आईवडिलांना परदेशी बोलावून घेणाऱ्या आपल्या मंडळींना, त्यांना दाखवावे असे स्थळ कोणते, हा प्रश्न नेहमी पडतो. राजवाडे आणि दुकाने यांच्या जोडीस ही दीड मैलाची फेरी ठेवावी.

चालताना काय पाहावे, याचे तपशील पुढील पानांत ऋतुवार दिलेच आहेत. येथे थोडे सुचवितो. वसंताच्या अखेरीस कापूसगवताचे पांढरे गोंडे सर्व दलदलभर डुलतात. उन्हाळ्यात पिवळ्या ताऱ्यांसारखी फुले येणारी बॉग ॲस्फोडेल, गुलाबी घंटांची बॉग रोझमेरी आणि दवबिंदू यांची वेळ. ऊन पडले की फळ्यांच्या कडेवर लहान तपकिरी सरडे अंग शेकत बसतात. अंडी न घालता जिवंत पिले देणारी ही जात थंड मुलखाला साजेशी आहे. पाणलावा हा पक्षी आकाशातून खाली सूर मारताना शेपटीच्या बाहेरच्या पिसांतून वारा घोंगावतो, तो आवाज ऐकून नवखा मनुष्य शेळी कोठे ओरडते म्हणून चहूकडे पाहतो. शरदात मोलिनिया गवत तांबूस होते आणि दलदलीचा रंग पार पालटतो. हिवाळ्यात आइसलँडहून हूपर हंस येतात, आणि भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून खालून उडत शिकार शोधतो. लाल घार मात्र बारमास दिसेल. आपल्या गावोगावच्या आकाशात घार ही रोजची गोष्ट. येथे तिची कथा वेगळी आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडातून ती पुरती नाहीशी झाली होती आणि ब्रिटनमधील अखेरच्या काही मोजक्या जोड्या याच मध्य वेल्सच्या डोंगरांत, शेतकऱ्यांच्या आणि पक्षिमित्रांच्या पहाऱ्यात, टिकून राहिल्या. दुभंगलेली शेपटी वळवीत ती दलदलीवर घिरट्या घालते, तेव्हा तिच्याकडे नीट पाहावे.

फेऱ्यांचा क्रम या पुस्तिकेत विचारपूर्वक लावलेला आहे. प्रथम फळ्यांची फेरी करावी, कारण तिच्यात घुमट, डबकी आणि कापलेल्या कडा हे सर्व जवळून दिसते, आणि मधल्या निरीक्षणगृहात वाऱ्यापासून आडोसाही मिळतो. दुसऱ्या खेपेस जुन्या लोहमार्गाच्या भरावावरून जावे. भराव उंच असल्याने दलदलीचा एकूण विस्तार तेथूनच कळतो, आणि वाट कोरडी व टणक असल्याने पावसाळी दिवसातही अडत नाही. नदीकाठची फेरी शेवटी ठेवली आहे. ती लांब आहे, ओली आहे, तिच्यासाठी उंच बूट हवेत, आणि टायवीला पूर आला असता ती करूच नये. वाटेवरील फलकांवरील सूचना त्या त्या दिवशी या पुस्तिकेपेक्षा अधिक प्रमाण मानाव्यात. जे नकाशे दिले आहेत त्यांत जुन्या चरांच्या आणि पीट कापलेल्या खळग्यांच्या जागा दाखविल्या आहेत. परंतु चर बुजविले जात आहेत, खळग्यांत शेवाळ भरू लागले आहे, आणि बांधांच्या मागे नवी डबकी तयार होत आहेत, तेव्हा या खुणांपैकी काही वाचकाला नकाशाबरहुकूम सापडणार नाहीत, आणि पुढील आवृत्तीच्या वेळी संपादकांना नकाशा नव्याने काढावा लागेल.